अग्रलेखांची नववी ओळ

अप्पांचे कार्य, मूल्ये आणि आठवणी असे तीन भाग पाडून लिहावे, असे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवसमितीने मला कळवले आहे. प्रयत्न करते. पण अप्पांनी स्वतः आयुष्यात एकही गोष्ट सांगितलेल्या क्रमाने केलेली नाही, तेव्हा त्यांच्यावरच्या लेखाकडूनही कोणी फार अपेक्षा ठेवू नये.

रंगनाथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिले ते पिंपरी पेंढारच्या त्यांच्या द्राक्षबागेत. ते एका घडासमोर उभे राहून मोठ्याने इंग्रजी वाचत होते. मी महाळुंगे पडवळची. बँकेच्या परीक्षेत इंग्रजीने मला दोनदा आपटले होते, वयाच्या अटीमुळे तिसरी संधी शेवटची होती आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती. या बोलण्यांपासून पळून मी मावशीकडे आले होते. मावशी अप्पांच्या बागेत घडांना कागद लावायच्या कामाला जायची. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आमच्याकडे एकेक घड वर्तमानपत्रात गुंडाळून स्टेपलरने टाचतात.

"इंग्रजी कच्चं हाय व्हय?" अप्पांनी विचारले. "मग बरोबर ठिकानी आलीस. हितं वेलींच्या नऊ ओळी इंग्रजीच्या हायेत."

हे इंग्रजी आळेफाट्याच्या रद्दीवाल्या शेठजींकडून येई. शेठजींचे म्हणणे असे, की इंग्रजी रद्दीसारखी रद्दी नाही. लोक पेपर घेतात पण उघडत नाहीत, त्यामुळे घडीसुद्धा मोडलेली नसते. अप्पा जुन्या अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, इंग्रजीत नापास झालेले. एवढा कोरा माल घडावर नुसता लटकलेला त्यांना बघवेना, म्हणून ते वाचू लागले आणि पुढे वाचायला लावू लागले.

त्यांची पद्धत कडक होती. बागेत शब्दकोश आणायचा नाही. अडलेल्या शब्दाच्या आगेमागे काय चालले आहे ते बघून अर्थ ताडायचा, पेनाने खूण करायची आणि दिवस मावळायच्या आत तो शब्द तीनदा कामात वापरायचा. संध्याकाळी ओट्यावर शब्दकोश उघडून निकाल. चौथीत शाळा सुटलेली माझी मावशी त्या हंगामात पाण्याच्या मोटारीला 'अनरिलायेबल' आणि मुकादमाला 'रिलक्टंट' म्हणू लागली, आणि दोन्ही बरोबर होते.

अडचण एकच. एक पान फाडून चार घडांना लागे, त्यामुळे बातमीचा शेवट कुठे लटकला आहे ते कळत नसे. मांडवाखालून हाका चालत.

"अगं, त्या मंत्र्याचं फुडं काय झालं?"

"राजीनामा दिला बाई! पर का दिला, ते सातव्या ओळीत हाय!"

अप्पांचे सगळे इंग्रजी वर्तमानपत्रातून आलेले, म्हणून ते बोलत सरकारी प्रवक्त्यासारखे. एकदा शेजारच्या उसात बिबट्या शिरला. वनखात्याच्या साहेबांनी फोनवर विचारपूस केली तेव्हा अप्पांनी "सिच्युएशन इज टेन्स बट अंडर कंट्रोल" असे निवेदन दिले. त्या वेळी ते पाण्याच्या टाकीवर चढून बसले होते.

मूल्यांबद्दल लिहायचे तर एकच प्रसंग पुरे. एका माजी सरपंचांच्या सत्कारात अप्पांनी त्यांचा 'नोटोरियस नेते' असा गौरव केला होता. हा शब्द मोठमोठ्या लोकांच्या नावामागे सारखा येतो, यावरून त्यांनी अर्थ ताडला होता. मी शब्दकोश दाखवला तेव्हा ते जेवणाच्या ताटावरून उठले आणि माफी मागायला सरपंचांच्या घरी गेले. सरपंच शांतपणे म्हणाले, "राहू द्या अप्पा. मतदारांचं बी तेच मत पडलं व्हतं."

आता माझी आठवण. माझी परीक्षा रविवारी होती आणि तोडणीची गाडी गुरुवारी ठरली. तोडणी म्हणजे कागद उतरणार. नवव्या ओळीत अप्पांनी मुद्दाम माझ्यासाठी निव्वळ अग्रलेख लावले होते, आणि निम्मे शब्द अजून माझ्या डोक्यात टिकत नव्हते. मी पॅकिंगच्या शेडमागे जाऊन रडले. अप्पांनी ते पाहिले असावे, कारण मी परत आले तेव्हा त्यांचा मुलाशी वाद चालू होता.

"अप्पा, एका ओळीसाठी गाडी परत यायची नाय!"

"नाय तर नाय. पोरीचं वाचून व्हायचंय."

सगळी बाग उतरली आणि नववी ओळ राहिली. मी तीन दिवस मान वर करून ती वाचली. गाडी खरोखरच परत आली नाही. ती ओळ पुढे बुलबुलांनी आणि आम्ही मिळून संपवली. परीक्षा मी पास झाले. त्या ओळीतले किती शब्द पेपरात आले, एवढेच अप्पांनी विचारले. मी म्हणाले, चार. "मग ओळ वाया गेली नाय," ते म्हणाले. तोवर माझ्यासाठी कोणी काहीच थांबवून धरले नव्हते. आजही बँकेत खुर्चीवर बसताना मला ती ओळ आठवते.

पंचाहत्तरीला काय भेट हवी, असे समितीने अप्पांना विचारले. शाल नको, म्हणाले. दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म आणा. तो भरून झाला आहे. "बाकीचं बघून घेईन. इंग्रजीची तेवढी धाकधूक हाय," असे ते मला हळूच म्हणाले. मार्चमध्ये पेपर आहे आणि नेमक्या त्याच आठवड्यात तोडणी.

अप्पांचे गुडघे, डोळे आणि उत्साह शंभरीपर्यंत असेच अंडर कंट्रोल राहोत. मी त्या आठवड्याची रजा टाकली आहे आणि गाडीवाल्याला बजावून ठेवले आहे, यंदाही नववी ओळ उतरायची नाही.