खिडकीजवळची खुर्ची

दुखणे जुने झाले की घरात औषधाच्या बाटल्यांइतकेच किस्से साचतात. बाटल्या भंगारवाल्याला देता येतात. किस्से मात्र भेटीला आलेल्या माणसाच्याच गळ्यात घालावे लागतात.

दोन हजार सालच्या सुमारास मला फुप्फुसाचा कर्करोग निघाला, तोही वेगाने पसरणारा. शिरूरच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन मला तेव्हा आठ वर्षे झाली होती. डॉक्टरांनी केमोचे सहा डोस सांगितले. मी जुनी मॅट्रिक. अर्धवट सोडवलेला पेपर मी कोणाकडून कधी घेतला नव्हता. सहा म्हणजे सहा.

दर तिसऱ्या मंगळवारी पुण्यातल्या वॉर्डात आम्ही तिघे भेटत असू: मी, राहू गावचे ऊसवाले आबा आणि दौंडच्या रेल्वे ऑफिसातल्या रत्नमालाबाई.

*

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारले, विडी-सिगारेट ओढत होता का? मी चष्मा काढून त्यांच्याकडे नुसते पाहिले. शेजारून आबाच बोलले. त्यांचे दुखणे माझेच होते.

"डॉक्टर, मी चाळीस वर्सं विड्या वढून हितवर पोचलो. बाई डायरेक आल्या!"

*

आबा सर्वांच्या आधी येत आणि दारातूनच खांद्यावरचा टॉवेल खिडकीजवळच्या खुर्चीवर फेकत, एसटीत जागा धरतात तसा. नेम अचूक. ती खुर्ची माझ्यासाठी. हे रुग्णालय आहे, स्टँड नव्हे, असे मी त्यांना एकदा स्पष्ट सुनावले.

ते शांतपणे म्हणाले, "बाई, जागा धरल्याबिगर बसाय मिळत न्हाई."

*

तिसऱ्या डोसला चारची गाडी गाठण्यासाठी मी सिस्टरांची नजर चुकवून सलाईनचे चाक सैल केले. दहा मिनिटांत थंडी भरली आणि दात वाजू लागले. आबांनी ओळखले.

"बारीक धार ठिवा, बाई. पाणी जोरात सोडलं की उसाचं बेणं उघडं पडतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाची माफी मागितली, तीही सिस्टरांची. सिस्टर त्या दिवसापासून आबांना कालव्याचे पाणी सोडणारे पाटकरी म्हणू लागल्या.

*

चौथ्या डोसनंतर पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की माणसांना भेटणेही धोक्याचे झाले. भेटायला कोणी येऊ नये, असा निरोप मी गावभर धाडला. संध्याकाळी जुन्या विद्यार्थिनी अंगणात हजर! उंचीप्रमाणे रांग, हाती नारळ, नाकाला रुमाल. एकेकीने खिडकीबाहेरून तब्येत विचारली. एकीपाशी रुमाल नव्हता; मॉनिटरने तिला घरी परत पाठवले.

मॉनिटर त्या वर्षी आजी झाली होती.

*

पाचव्या डोसने मात्र मला आडवे केले. न्यूमोनिया, छातीत पाणी, सुईने ते काढणे, नाकाला ऑक्सिजनची नळी. सहावा डोस शरीराला झेपेलच असे नाही, असे डॉक्टर म्हणाले. माझा आवाज गेला होता. मी पाटी मागवली आणि लिहिले, "पाच झाले. एक राहिला."

त्यांनी ती दोनदा वाचली. रक्त सुधारले तर पाहू, एवढेच म्हणाले.

*

रक्त सुधारायला दोन महिने लागले. काठी टेकत मी वॉर्डात शिरले तेव्हा सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. फक्त खिडकीजवळची आणि तिच्या शेजारची, अशा दोनच रिकाम्या होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर आबांचा टॉवेल होता.

रत्नमालाबाई उठून जवळ आल्या. आबा मागच्या महिन्यात गेले, असे त्यांनी सांगितले. जाण्याआधी टॉवेल त्यांच्या हाती देऊन म्हणाले होते, "बाई येत्याल. तवर जागा सोडायची न्हाई."

मी टॉवेल उचलला, चार घड्या करून मांडीवर ठेवला आणि बसले. सिस्टरांनी सहावी बाटली लावली. धार बारीक आहे ना, ते मी स्वतः पाहिले.

तेवढ्यात दारात वरवंडची एक नवी बाई येऊन थबकली. हातात फाईल, चेहरा पांढराफटक. तिच्यामागून आणखी दोघे आत घुसू पाहत होते.

मी टॉवेलच्या घड्या मोडल्या आणि सलाईन नसलेल्या हाताने तो शेजारच्या खुर्चीच्या दिशेने फेकला. तो सलाईनच्या स्टँडला अडकून लोंबू लागला.

रत्नमालाबाई म्हणाल्या, "बाई, सराव पाहिजे."