विलायती ड्रायरचा बोर्ड आणि माझं इंग्रजी

ईशा, निनाद, तुमच्या कपडे वाळवायच्या यंत्राचा बोर्ड गेला आणि दुरुस्तीवाल्याने ते उघडूनही न पाहता "नवीन घ्या" म्हणून सांगितलं, असं परवा फोनवर कळलं. तुमचे बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत म्हणे. ते बोलणार नाहीत. असल्याच एका बोर्डाच्या प्रकरणात ते स्वतः हजर होते, पण तेव्हा तीन महिन्यांचे होते. म्हणून आता मीच लिहून ठेवते. शिवाय त्या प्रकरणात चूक कोणाची होती हे सांगणारी माणसं एकेक करून गेली. मीही न सांगता गेले, तर ती तुमच्या आजोबांची होती असंच सगळे धरून चालतील.

मलकापुरात उन्हाळ्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून चिमटा शोधेपर्यंत वाळतो. अशा गावात आमच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र होतं.

आजोबांचे थोरले भाऊ विलायतेतून कायमचे परत आले. मुंबईच्या जागेत ते धूड मावेना, म्हणून त्यांनी ते प्रेमाने आमच्याकडे पाठवलं. स्टेशनवरून ते बैलगाडीतून घरी आलं.

"काय वो हे? तिजोरी हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"कपडे वाळवायची मशीन आहे, आई," मी म्हटलं.

सासूबाईंनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा वर आभाळातल्या सूर्याकडे पाहिलं.

"अन् मंग तो काय करन?"

मी गाडीवाल्याचे पैसे द्यायला वळले. (नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, पण असले प्रश्न पेपरात येत नसत.) पुढची दोन वर्षं त्या यंत्रावर लोणच्याच्या बरण्या बसल्या.

मग तुमचे बाबा जन्मले, आणि आश्विनात त्यांची छाती भरली. डॉक्टरांनी बजावलं, "ओलसर कपडा अंगाला लागता कामा नये. पुन्हा असं झालं तर अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल." आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस असा मुक्कामाला आला की नऊ दिवस सूर्य दिसला नाही. घरात तीन डझन लंगोट आणि एकही कोरडा नाही! शेगडीवर टोपली उपडी घालून लंगोट वाळवावेत, तर धुराने बाळाला खोकला. तेव्हा लोणचं खाली उतरलं आणि यंत्र सुरू झालं.

पहिला लंगोट बाहेर आला, तो सासूबाईंनी गालाला लावला. "अगं माय! भाकरीवानी गरम हाय वो!" त्या दिवसापासून त्या यंत्रासमोरून जातानाही पदर सावरून जाऊ लागल्या.

यंत्रासोबत चाळीस पानांचं इंग्रजी माहितीपुस्तक होतं. ते वाचू शकणारी घरात मी एकटी, त्यामुळे यंत्राचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी त्यातले नियम एका जाड कागदावर सुवाच्य मराठीत उतरवून यंत्राच्या वर भिंतीवर चिकटवले. नियम चौथा: "यंत्राचे झाकण अधिकृत माणसाखेरीज कोणीही उघडू नये." त्याखाली लाल शाईने दोन रेघा. आजोबांनी विचारलं, "दोन कशाला?" मी म्हटलं, "एक तुमच्यासाठी."

एवढ्यात खंडेनवमी आली. सासूबाई म्हणाल्या, "नांगराची पूजा होते, इंजिनाची होते, शिलाई मशीनची होते. मंग हिचीच काऊन नाही? पोराले सांभाळून राह्यली ते!"

पटलं. आणि मी एखादी गोष्ट करायची म्हटलं की अर्धवट करत नाही. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, बटणाला झेंडूची माळ घातली आणि गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवला. पण माळेपाशी, बटणांची पट्टी उतरती होती, त्यामुळे गुळाचा खडा सारखा घसरायचा. नैवेद्य जमिनीवर पडलेला मला चालत नाही. शोधता शोधता बटणांच्या मागे हवा खेळायची एक जाळी सापडली. तिच्या फटीत तो खडा खोबऱ्यासकट इतका नीट बसला, की जणू कारखान्याने त्याच्यासाठीच ती केली होती! (त्या जाळीचं इंग्रजी नाव मला पाठ होतं. तिच्यात नैवेद्य ठेवू नये असं मात्र चाळीस पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.)

दसऱ्याला यंत्राने सहा खेपा वाळवल्या. आतून ऊब येत होती आणि वर गूळ होता. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलं. मला कळायला आणखी दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी ड्रम फिरला, पंखा घुरघुरला, आणि लंगोट जसे गेले तसेच गार बाहेर आले.

मी वही काढली आणि रकाने आखले: लक्षण, संभाव्य कारण, उपाय. आजोबांनी रकान्यांकडे न बघता निकाल दिला.

"व्होल्टेज."

मलकापुरात काहीही बिघडलं की त्यांच्या मते व्होल्टेज. ते जिनिंगमध्ये कापसाची प्रत पारखायचे. मूठभर कापूस हातात धरून ओल सांगायचे. स्टूल घेऊन यंत्रापुढे बसले आणि दर अर्ध्या तासाने हात घालून लंगोट चाचपू लागले.

"बारा आणे ओल आहे."

"आता?"

"बारा आणेच."

सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली. बाजूची बाई परवा लय टक लावून पाहून राह्यली होती." त्यांनी मीठ-मिरच्या घेतल्या, यंत्रावरून सात वेळा ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. त्या ठसक्याने आम्ही तिघं अंगणात पळालो. आणि आतून बाळाचा खोकला ऐकू आला. तो थांबेना. आत धावले, उचललं, तर पोर लालबुंद. मग आमच्यापैकी कोणालाच हसू येईना. आजोबांनी चपला घातल्या आणि छत्री न घेताच सुपडाजी मिस्त्रींना आणायला गेले.

सुपडाजी आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांनी यंत्र चालू केलं, मागे हात धरला, बंद केलं.

"खोला लागन, वयनी."

"उघडायचं नाही. पुस्तकात लिहिलंय, अधिकृत माणूसच पाहिजे."

"मंग बोलवा त्याले."

"तो इंग्लंडात असतो."

"कवा येते?"

मी न ऐकल्यासारखं केलं. "तुम्ही असं यंत्र पूर्वी पाहिलंय का?"

"नाही पाह्यलं. पण मोटर फिरून राह्यली, हवा फेकून राह्यली, अन् गरम होऊन नाही राह्यली. म्हंजे हीटरले लाईन भेटत नाही. तार तुटली असन, नाही तं बोर्डावरचा रिले, लाईन जोडते तो, टेकत नसन."

मी एकतिसावं पान उघडलं. तिथे अख्ख्या पानभर इंग्रजीत हेच लिहिलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. "आधी न उघडता जे जे तपासता येतं ते तपासू," असं म्हणून मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. वायर, प्लग, फ्यूज, दाराची कडी. सुपडाजी बिचारे एकेक करत राहिले. मी सतराव्या पानावर होते, तेव्हा आतून पुन्हा खोकला आला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, त्या पुस्तकाले खोकला येते का?"

मी पुस्तक मिटलं. "उघडा."

सुपडाजींनी प्लग काढून बाजूला ठेवला आणि स्क्रू फिरवले. झाकण निघालं आणि आम्ही चौघं एकदम वाकलो. आत मुंग्यांची यात्रा भरली होती! झेंडूच्या माळेवरून चढायचं, जाळीतून उतरायचं, आणि वितळलेल्या गुळाच्या ओघळाच्या कडेने थेट बोर्डावर. रिलेच्या दोन टोकांच्या मध्ये मुंग्या चिरडून त्यांचा काळा थर बसला होता. टोकं एकमेकांना टेकायची ती टेकणार कशी?

"शेतातल्या स्टार्टरमंदी बी हेच होते," सुपडाजी म्हणाले. मग त्यांनी बोट लावून पाहिलं. "पण हे चिकट काय हाय वो? गूळ?"

मी आवाज शक्य तितका सहज ठेवला. "उंदराने आणला असेल."

"अन् हा खोबऱ्याचा तुकडा?"

"तोही."

"अन् याले हयद-कुंकू बी उंदरानंच लावलं?"

आजोबा मटकन स्टुलावर बसले आणि तोंडावर ओला लंगोट दाबून हसू लागले. माझ्या बाजूने एकट्या सासूबाई उभ्या राहिल्या. "तिनं नवेद ठेवला. देवाचं केलं. चूक मुंग्यायची हाय!"

बाळाच्या इंजेक्शनसाठी घरात आणलेल्या स्पिरिटने सुपडाजींनी बोर्ड पुसून काढला. "आता टोकं घासाले जाड कागद द्या, कोरा नसला तरी चालते." घरात जाड कागद एकच होता. मी तो भिंतीवरून काढून दिला. त्यांनी चौथ्या नियमाची पट्टी फाडली, टोकांमध्ये धरून चार वेळा ओढली, आणि काळा थर लाल रेघांवर उतरला.

प्लग लावला. "टक्" असा बारीक आवाज झाला.

"टेकला!" सुपडाजी म्हणाले.

आजोबा घटकेघटकेला दार उघडून हात घालू लागले. "आठ आणे... चार आणे... एक आणा..." आणि मग ओरडलेच, "कोरडा! कोरडा ठणठणीत!"

तो पहिला गरम लंगोट बाळाला बांधला, दुपट्यात गुंडाळलं, आणि पोर पाच मिनिटांत झोपलं. चार दिवसांत खोकला गेला. अकोल्याला जावं लागलं नाही. त्या दिवशी मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि चुलीपुढे बसून थोडी रडले. मग कपात भरून आणलं ते नुसतं गोड दूध होतं, त्यात चहाची पूड पडलीच नव्हती. सुपडाजींनी घोट घेतला, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा मस्त झाला, वयनी."

ते यंत्र पुढे तुमच्या आत्याच्या लंगोटांनाही पुरलं आणि मग भंगारात गेलं. फक्त ड्रम मी ठेवून घेतला. तो मागच्या खोलीत आहे. सगळीकडून भोकं असल्यामुळे त्यात कांदे महिनोन्‌महिने कुजत नाहीत. हा शोध माझा स्वतःचा, आणि त्या यंत्राबद्दल माझं बरोबर निघालेलं मत एवढं एकच.