वरचा पीळ, खालचा पीळ

"सर गेले गं," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या. मी मोहोळच्या स्टँडवर उभी होते. रडू नाही आलं, भीती वाटली... मीच मारलं का त्यांना?

व्यंकटेश सरांनी मला कॉलेजात फिजिक्स शिकवलं. घर सोलापुरात पूर्व भागात, विणकरांचं, बोलणं फटकळ. सर्पिल दीर्घिकांमध्ये एवढं अफाट पसरलेलं चुंबकीय क्षेत्र येतं कुठून, या प्रश्नानं त्यांना निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. सुरुवातीला क्षेत्र नावापुरतं असतं. आतला वायू लवकर फेरी मारतो, बाहेरचा मागं पडतो, त्यात ते ताणलं जातं. दीर्घिकेच्या चकतीतून उसळणारा वायू तिच्या फिरण्यानं पिळला जातो आणि क्षेत्रालाही पीळ घालतो. ताण, पीळ, पुन्हा ताण... असं ते कोट्यवधी वर्षं वाढत राहतं. सर बोटांत सूत धरून दाखवायचे. "नुसतं ताणून काय होतंय? पीळ पायजे की!"

यावरचं त्यांचं टिपण मी तपासत होते, आठवड्यात छापायला जायचं होतं. त्यात चूक सापडली. फिरणं एकच, पण वायू चकतीच्या वरच्या बाजूला वर उसळतो आणि खालच्या बाजूला खाली. म्हणून दोन्हीकडचे पीळ एकमेकांच्या उलटे हवेत. सरांनी एकच धरला होता. धागा कुठल्याही टोकाकडून बघा, पीळ तोच दिसतो, हे विणकराच्या पोराला पाठ. त्या सवयीनंच फसवलं.

सरांचं हृदय लई नाजूक झालं होतं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी दारातच बजावलं, "आज काय बी सांगू नको." पण चूक तशीच छापली असती तर लोक सरांना हसले असते. मी सांगितलं. जळलं मेलं माझं तोंड! सर लालबुंद झाले. "सुतात वाढलो मी. तू मला पीळ शिकवणार? ऊठ. जा!" नंतर चार दिवस मी फोन करत राहिले, त्यांनी उचलला नाही. पाचव्या दिवशी काकूंचा आला.

दिवसकार्य झाल्यावर काकू मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीच्या गजांमध्ये पुठ्ठ्याची चकती अडकवलेली. तिच्या वर एक धागा ताणून बांधलेला, खाली एक. पीळ एकमेकांच्या उलटे.

"तू गेलीस त्याच संध्याकाळी सूत मागितलं," काकू म्हणाल्या. "बांधलं, बघत बसले, हसले. म्हटलं, पोरीचा फोन तरी उचला. तर म्हणाले, सगळं सुधारू दे, मग बोलावतो तिला."

टिपण आठव्या पानापर्यंत सुधारलेलं होतं. मग मात्र मी पोटभर रडले.

उरलेली पानं मी त्याच खिडकीशी बसून सुधारतेय. धाग्यांना हात लावत नाही. गाठ सुटली की पीळ उलगडतो.