ब्याऐंशी किलोंची फुप्फुसं

सायराबींचा ऑक्सिजन पंच्याऐंशीच्या वर जायला तयार नव्हता. डोणगावला भाजी विकायच्या, वय छप्पन्न, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. व्हेंटिलेटर मीच लावला होता. मेहकरात आयसीयू चालवून मला अठरा वर्षं झाली. माझ्या सेटिंगवर कोणी प्रश्न विचारत नाही.

त्यांचा मुलगा रफिक दर तासाला यायचा. "साहेब, अम्मीचा ऑक्सिजन काऊन वर येऊन नाही राह्यला?" मी सगळं न्यूमोनियावर ढकलायचो.

सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून डॉ. मेघना आमच्याकडे आली. खरं सांगतो, तेव्हापासून माझा जळफळाट सुरू होता. सिस्टर आधी तिलाच फोन करायच्या. मी समोर उभा असलो तरी नातेवाईक मॅडम कधी येणार ते विचारायचे.

त्या सकाळी तिने मशीन पाहिलं. "सर, पाचशे कशावरून?"

पाचशे म्हणजे एका श्वासात ढकलायची हवा, मिलीलिटरमध्ये.

"किलोमागे सहा. वजन ब्याऐंशी."

"पण सर, उंची?"

फुप्फुसं उंचीप्रमाणे असतात, माणूस जाड झाला म्हणून वाढत नाहीत. हे मीच सिस्टरांना शिकवलेलं. आणि त्याच सिस्टरांसमोर ही पोरगी मला शिकवतेय, एवढंच मला ऐकू आलं. दुपारी बघू म्हणालो आणि ओपीडीत जाऊन बसलो.

फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींना ताण कळतो. बेताचा असला तर त्या साबणासारखा पदार्थ सोडतात, पिशवी मिटत नाही. जास्त झाला तर त्यांचे सांधे सुटतात, सूज येते, आत पाणी झिरपतं. हे सगळं पाठ असून चार तास मी खोकल्याच्या गोळ्या लिहीत बसलो.

परत गेलो तर ऑक्सिजन ब्याऐंशीवर. मेघना टेप घेऊन उभी होती. पेशंट माझी, म्हणून तिने मशीनला हात लावला नव्हता. मोजलं. चार फूट दहा इंच. त्या उंचीला वजन एक्केचाळीसच धरायचं. हवा अडीचशेच हवी होती, मी दुप्पट ढकलत होतो.

हवा कमी केली, मिनिटाचे श्वास वाढवले. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन चढायला लागला. बाराव्या दिवशी नळी निघाली.

रफिकने माझे हात धरले. "साहेब, तुमच्यामुळे अम्मी वाचली."

मेघना शेजारीच होती. मी नाही म्हणालो नाही.

आता आमच्याकडे व्हेंटिलेटरच्या आधी टेप लागते. नियमावर सही माझी आहे. त्या चार तासांबद्दल मेघनाने फाइलमध्ये एक ओळही लिहिली नाही. तिच्या जागी मी असतो तर लिहिली असती. आता त्याचाही हेवा वाटतो.