पोंभुर्ण्याची विलायती बॅग

भागीरथीवहिनी गेल्याची बातमी मला पोंभुर्ण्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं दिली. चांद्याच्या मोटारस्टँडवर मी दुसऱ्याच कामानं उभा होतो. खिडकीतून मान बाहेर काढून तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या वैनी गेल्या. काल सांजेले." मग थोडं थांबून, "तुमाले कोनी सांगतलं नाई?" कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं मी त्या घराशी वागलोही नव्हतो... त्याच मोटारीनं गेलो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दीड महिना होत आला. या पुरवणीच्या वाचकांपैकी कोणी वहिनींना ओळखत असेल असं वाटत नाही, पण त्यांच्या हातचं काम पुष्कळांच्या घरात असेल. दहा-बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या दुकानातून आपल्या घरी मधाच्या रंगाची, गोल झाकणाची बायकी बॅग आली असेल आणि तिच्या आत सोनेरी अक्षरांत लंडन असं लिहिलेलं असेल, तर ऐका. ती लंडनमध्ये झालेली नाही. ती चांदा जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात, एका मोहाच्या झाडाखाली झाली. माझ्या वहिनीनं केली. आणि ती सोनेरी पट्टी आत शिवली ती मी.

आमचं घर चामड्याचं काम करणारं. थोरला भाऊ त्यात राहिला, मी शिकलो आणि मुंबईला त्या दुकानात विक्रेता झालो. दुकानात माझ्या घरचा धंदा कोणाला ठाऊक नव्हता आणि होऊ नये याची मी फार काळजी घेत असे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनं आली तसे मालक हवालदिल झाले. मी म्हणालो, आमच्याकडे एक कारागीर आहे. कारागीर कोण, ते सांगितलं नाही. एक जुनी इंग्रजी बॅग नमुन्याला घेऊन गावी आलो. वहिनींनी ती उलटीपालटी केली, टाचणीनं तिची शिवण उचकली आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तं घाईनं शिवलं हाये. असंच पायजे, का चांगलं पायजे?"

पुढच्याच वर्षी भाऊ वारला. तिथून पुढे सगळं काम वहिनींचं एकट्यांचं. कातडं हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं, रोज हातानं उलटायचं. त्या पाण्याला लोखंड मात्र लागू द्यायचं नाही, कारण हिरड्यानं कमावलेल्या कातड्याला गंजाचं पाणी लागलं की ते काळंनिळं होतं आणि तो डाग जन्मात निघत नाही. म्हणून घरात लाकडी वगराळी, मातीच्या कुंड्या. दोरा काळा करायचा असला की मात्र वहिनी गंजक्या खिळ्यांचं पाणी मुद्दाम करून ठेवीत. बॅगा मुंबईला येत, काचेच्या कपाटात विजेच्या दिव्याखाली बसत, आणि मी गिऱ्हाइकांना 'लंडनचं काम' म्हणून दाखवीत असे.

एका दिवाळीत मी गावी होतो. मुंबईचे एक सागवानाचे आणि रानातल्या मालाचे व्यापारी शिकारीसाठी विश्रामगृहावर उतरले होते. त्यांच्या बाईंच्या बॅगेचा बंद तुटला, चौकीदार वहिनींना बोलवायला आला. मीही सोबत गेलो. व्हरांड्यात पाय ठेवला तर बॅग आमचीच, वहिनींच्या हातची. त्यात त्या बाईंनीच मला ओळखलं. "अय्या, तुम्ही त्या दुकानातले ना? तुम्हीच तर ही दिलीत मला!" मग वहिनींकडे वळून, "जपून हं. लंडनची आहे. हिची किंमत ऐकलीस तर घेरी येईल तुला."

वहिनींनी बॅग मांडीवर घेतली. "सांगा ना किंमत."

बाईंनी सांगितली. एक चांगला गोऱ्हा यावा एवढी ती किंमत होती. मला वाटलं वहिनी चिडतील, कारण दुकानातून त्यांच्या हाती त्यातलं फारच थोडं येत असे. पण त्या नुसत्या हसल्या. "किंमत खरी हाये बाई. नाव खोटं हाये. हे मीनं बनवली."

व्यापारी खो-खो हसले. वहिनींचा पारा चढला. दोरा रंगवायच्या गंजक्या पाण्याची कुपी त्यांच्या पिशवीत होती. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी झाकण उघडून बॅगेच्या आतल्या कातड्यावर एक थेंब सोडला. बघता बघता तिथे शाईसारखा डाग पसरला. "पाहा! हिरड्याचं चामडं हाये. हिरडा लंडनले उगवते का?"

बाई किंचाळल्या. व्यापारी मात्र शांतपणे म्हणाले, "अगं बाई, तुमच्या जंगलातला हिरडा मीच तर बोटीनं विलायतेला पाठवतो. तिथले लोक त्यानंच चामडं कमावतात."

वहिनींना हे ठाऊक नव्हतं. आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. रानातला हिरडा पोत्यांत भरून गाडीत चढतो, एवढंच आम्ही पाहिलेलं. त्यांच्या पुराव्यानं काहीच सिद्ध झालं नाही, बॅग मात्र नासली. आता खरं ठाऊक असलेला तिथे एकच माणूस होता. बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा हो हिला."

वहिनीही माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच, दीर शेजारी उभा आहे म्हटल्यावर कशाची काळजी... आणि मी, मुंबईच्या स्वच्छ मराठीत म्हणालो, "बॅग लंडनचीच आहे, बाई. यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

परतताना वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "तुमची जीभ मुंबईलेच ठेवून आले का, भाऊजी?" घरी आल्यावर नेहमीसारखं वाढलं.

त्यानंतर दुकानाला त्यांनी एकही बॅग दिली नाही. गावानं त्यांचं नाव 'लंडनवाली' ठेवलं. दुसरी बाई घरात तोंड लपवून बसली असती. वहिनींनी काय करावं? दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, नाटकं होतात, पाहुण्यारावळ्यांची गर्दी उसळते. त्या गर्दीत त्या दर वर्षी एक गोणपाट टाकून, त्यावर एकच बॅग ठेवून बसू लागल्या. किंमत मुंबईचीच, पैसा कमी नाही! लोक घ्यायला नाही, किंमत ऐकायला येत. "काऊन वो लंडनवाली, येवढ्यात तं गोऱ्हा येते!" असं कोणी म्हटलं की म्हणत, "तुया गोऱ्हा म्हातारा होईन बापा. माई बॅग नाई होत." पोट चपलांवर आणि विहिरीच्या मोटांवर चालायचं. बॅग दोन-चार वर्षांत एखादी जायची. वडशाकडच्या मंडईत नाटकातल्या एका नटीनं घेतली होती, घासाघीस न करता. ते सांगताना वहिनींचा आवाज चढायचा.

माणसं मला विचारतात, एवढी किंमत योग्य होती का? होती. दुकानाचं भाडं, काचा, दिवे आणि माझ्यासारख्यांची खोटी जीभ यांना ती देणं अयोग्य होतं. मुंबईच्या बायका ती किंमत खुशीनं मोजत होत्या. पोंभुर्णा म्हटल्यावर त्याच बॅगेला ती जड का व्हावी, याचं उत्तर ज्याला द्यायचं त्यानं द्यावं.

नोकरी सोडून मी चांद्याला आलो त्याला दोन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात धीर करून वहिनींपुढे बसलो. म्हणालो, वैनी, त्या दिवशी मी खोटं बोललो. त्या शिवतच होत्या. "मले काऊन सांगून राह्यले? मले तं माईतच हाये. त्यायले सांगा."

म्हणून हे लिहिलं. आणि एवढ्यावर भागणार नाही हेही कळलं. यंदाच्या मंडईत त्यांच्या जागी गोणपाट टाकून मी बसलो. त्यांच्या पेटीत न विकलेल्या बॅगा होत्या, त्यातली एक पुढ्यात ठेवली. दुपारी धोतरातला एक गृहस्थ थबकला. "लंडनवाली कुठी गेली?"

"वारली."

"अरे बापा... मंग आता तं भाव उतरवा."

"एक पैसा नाई."

"अशी कोन मोठी होती थे बनवनारी?"

मी उठून उभा राहिलो. इतक्या मोठ्यानं बोललो की नाटकाचा मांडव बांधणारे वळून बघायला लागले. "माई वैनी! भागीरथी! आमी चामड्याचं काम करनारे लोक. तिनंच कमावलं, तिनंच शिवलं, अन् पोंभुर्ण्यात शिवलं!"

त्यानं बॅग घेतली नाही. मान हलवत पुढे गेला. त्याच्या मागून दोन बाया आल्या, एकीनं बोटानं कातडं चाचपलं आणि विचारलं, "केवढ्याले?"

मी किंमत सांगितली.