पिस्तूल की मनगट?

शालनच्या नवऱ्याचा, दाजींचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "सुमन, शालन गेली गं," एवढंच बोलले ते. माझा हात पिठात तसाच. महिना उलटून गेला, पण अजून परात पुढ्यात ओढायच्या आधी मी फोन बंद करून ठेवते.

शालन माझी शिवाजी पेठेतली मैत्रीण, मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. सगळी गल्ली फुटबॉलची वेडी, आणि ही बया पिस्तूल धरून बसली. वर मलाही ओढलं. जोतिबाच्या रस्त्याला आमची नेमबाजीची रेंज. कुणाचं पिस्तूल मध्येच अडकलं की तो आधी गोळ्यांना शिव्या घालायचा, मग बनवणाऱ्याला. शालन मागून शांतपणे विचारायची, "पिस्तूल की मनगट?" भलेभले वरमायचे. आमची पिस्तुलं सेमी-ऑटोमॅटिक, एका हातानं मारायची. गोळी सुटली की वरची स्लाइड झटक्यानं मागं जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढं येताना नवी गोळी घेते. पण त्यासाठी खाली मूठ धरलेला हात जागचा हलता कामा नये. मनगट ढिलं पडलं की सगळं पिस्तूलच मागं जातं, स्लाइड अर्ध्यातच फिरते आणि पुंगळी बाहेर पडायच्या खाचेतच अडकून बसते. पिस्तूल बिचारं ठणठणीत असतं. "आवळू नगंस, हात थरथरतोय. मनगट तेवढं सोडायचं न्हाय," हे मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

आणि मग शालनचंच पिस्तूल अडकायला लागलं. राज्य स्पर्धा तोंडावर आलेली. तिनं ते खोलून साफ केलं, तेल दिलं, मॅगझिनची स्प्रिंग बदलली, गोळ्या बदलल्या. अडकणं काही थांबेना. तिचा प्रश्न तिलाच विचारायची कुणाची टाप होती? माझी तर नव्हतीच. आदल्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात तिच्या हातून चहाचा कप निसटलेला मी बघितला होता. "गरम हुता," म्हणाली होती ती. गरम कसला, निवलेला होता.

एके दिवशी सराव संपला, बाकीचे पांगले. तिनं आपलं पिस्तूल माझ्यापुढं ठेवलं. "सुमे, तू मार. पाच गोळ्या."

"तुझ्या पिस्तुलाची मूठ माझ्या हातात बसत न्हाय गं."

"मार म्हटलं की!"

माझ्याही हातात अडकलं, तर दोष पिस्तुलाचा. नाही अडकलं, तर... मी हात उचलला. पहिली गेली. पुंगळी फरशीवर टणकन वाजली. दुसरी गेली. तिसरीही. त्या पिस्तुलाचा असा संताप आला मला! अडक की रे मेल्या, एकदा तरी अडक! ते कसलं ऐकतंय. चौथ्या गोळीला मी मनगट सोडलं. मुद्दाम सोडलं. पुंगळी अडकली.

"बघ!" मी जवळजवळ ओरडलेच. "पिस्तूलच बिघडलंय. उद्याच दुरुस्तीला देऊ."

शालन जागची हलली नाही. ती निशाणाकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. "मनगट सोडलंस."

"न्हाय गं..."

"मला शिकवतीस व्हय? परत मार."

मी पुंगळी काढली आणि पाचवी मारली. सुरळीत गेली. पुंगळी घरंगळत तिच्या पायाशी आली. ती वाकली, उचलायला लागली, दोनदा बोटांतून निसटली. मग तशीच उभी राहिली. "म्हंजे मीच," एवढंच म्हणाली. रडले मी.

पुढं तपासण्या झाल्या. मज्जातंतूंचा आजार निघाला, तोही बरा न होणारा. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं तुटक झालं. त्या राज्य स्पर्धेला मी एकटीच गेले होते, आणि कशी मारली ते विचारू नका. शेवटच्या भेटीत मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. मध्येच तिनं मान हलवून थांबवलं. एकेक शब्द जोडत म्हणाली, "त्या दिवशी... अडकलं तवा... लई बरं वाटलं हुतं गं. घटकाभर." मी आपली तिचं तोंड पुसत राहिले.

तिचं पिस्तूल दाजींनी पोलीस ठाण्यात जमा केलं. मी परवा पहिल्यांदा रेंजवर गेले. माझ्या डावीकडची तिची जागा अजून कुणी घेत नाही. दुसऱ्याच गोळीला माझं पिस्तूल अडकलं. नियमाप्रमाणे मी मोकळा हात वर केला. रेंज बघणारे काका लगबगीनं आले, मायेनं म्हणाले, "गोळ्या दमट असतील वहिनी, दुसऱ्या देतो." आजूबाजूचे सगळे आपापल्या निशाणाकडे बघत राहिले. कुणीच काही विचारलं नाही... मी डावीकडे बघितलं.

"गोळ्या चांगल्या हाईत काका," मी म्हणाले. "मनगट."