घोडा सुरेशकडे, गाडी विलासकडे

गुरुवारी आमच्या घराची वाटणी झाली. त्याच दिवशी दादांनी जोडतिकीट फाडलं.

दादा म्हणजे माझे वडील. पुण्याच्या टपाल कचेरीत पत्रं निवडण्याचं काम त्यांनी नोकरीभर केलं, तेही पौडजवळच्या आमच्या गावातून एसटीने रोज जाऊन-येऊन. टपालाची तिकिटं जमवायचे, पण फक्त घोडागाड्यांची. टांगे, बग्ग्या, विलायती डाकगाड्या. घोडागाड्यांच्या काळाची आठवण म्हणून कुठल्याही देशाने तिकीट काढलं की ते हाती येईपर्यंत त्यांना चैन नसे. तिकिटांची वही उघडण्याआधी ते साबणाने हात धूत, पंच्याला कोरडे करीत, आणि तरीही तिकीट चिमट्यानेच उचलत. आम्ही भावंडं वाकून बघू लागलो की म्हणत, "लांबनं! बोटाला घाम असतोय. तिकीट हाय त्ये, बत्तासा न्हाई."

घोडागाड्याच का, असं मी एकदा विचारलं. तेव्हा मी शाळेत शिकवायला लागले होते आणि मला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असे. दादा म्हणाले, "दिसभर कागुद निवडून डोळं शिनत्यात, माई. ज्याला त्याला पोचायची घाई. ह्या गाड्यास्नी कुटं जायचं न्हाई. बघत बसलं की बरं वाटतं."

वहीत एकच जोडतिकीट होतं. दोन तिकिटं एकमेकांना लागून छापलेली. डावीकडच्यावर घोडा, उजवीकडच्यावर डाकगाडी आणि तिचा गाडीवान. मधल्या भोकांच्या रेघेवरून लगाम पलीकडे गेलेला. चित्र असं दोघांत मिळून पुरं होई. ते पान आलं की दादा वही उजेडाकडे धरत.

आई गेल्यावर माझ्या दोन भावांचं, सुरेशचं आणि धाकट्या विलासचं, पटेनासं झालं. ताम्हिणीच्या रस्त्याला लागून आमचं एक खाचर आहे. आजूबाजूला रिसॉर्टं झाली तसं ते दोघांनाही हवं झालं. मी हक्कसोड करून मोकळी झाले होते, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन नव्हतं. दादा मात्र रोज एकच सांगत, "मी हाय तवर एक चूल ऱ्हाऊ द्या. मागनं काय करायचं त्ये करा." सुरेश म्हणे, "बघू." विलास म्हणे, "थोरल्याला सांगा." असं दोन वर्षं चाललं.

शेवटी त्या गुरुवारी पंच ओसरीवर बसले. भातखाचरं झाली, रस्त्याकडेचं दोघांत निम्मं निम्मं झालं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, गोठ्याचे पत्रेसुद्धा वाटून झाले. सगळे उठण्याच्या बेतात होते.

विलास म्हणाला, "दादांची वही ऱ्हायली की. का ती बी थोरल्याचीच?"

"घे की तूच," सुरेश म्हणाला. "फ्रेम करून गळ्यात घाल."

पंचांपैकी भिकूनाना हसले. दादा उठून आत गेले आणि वही घेऊन आले. या वेळी त्यांनी हात धुतले नाहीत. जोडतिकीट बोटांनीच काढलं, भोकांच्या रेघेवर दुमडलं आणि फाडलं.

"ह्यो घोडा सुऱ्या, तुला. ही गाडी इलासा, तुला. हाका आता."

"आरं रंगनाथ, ह्ये काय केलंस?" नानांचं हसू गेलं होतं. "डिंकानं चिकटंल का त्ये?"

"चिकटंल की. पर मग ती जोडी न्हाई नाना, चिकटिवलेली दोन तिकिटं."

"आसं कुणी करतं व्हय?"

"तुमी सकाळधरनं त्येच करताय."

भावांनी आपापलं तिकीट घेतलं. दोघांपैकी एकाने तरी ते परत करावं, एवढ्यासाठी दादा ओसरीवर बराच वेळ उभे होते, असं मला वाटतं. कोणी केलं नाही. महिन्याभरात घराच्या मधून भिंत आली.

त्यानंतर दादा महिना सुरेशकडे आणि महिना विलासकडे राहत. जाताना पिशवीत दोन धोतरं, औषधं आणि वही. अंतर एवढंच, की एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारात शिरायचं. बग्गीचं नवं तिकीट निघाल्याचं मी एकदा त्यांना सांगितलं. म्हणाले, "आता नगं. मी बी पाव्हणाच हाय हितं." माझ्याकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "पोरीकडं ऱ्हायलो तर लोक पोरांना बोलतील. जाऊ दे. आता कुनाला काय सांगायचं जीवावर येतंय." शेवटी शेवटी ते वही उघडतही नसत. उशाला ठेवून झोपत.

विलासच्या महिन्यात ते गेले. तिरडी कोणाच्या दारातून निघायची, यावरून दोघं भाऊ सगळ्यांदेखत भांडले. भिकूनानांनी ती रस्त्यावरच बांधायला लावली.

दहाव्यानंतर वही माझ्याकडे आली. ती कोणी मागितली नाही. घोडा आणि गाडी कुठे आहेत, हे मी भावांना विचारलेलं नाही. सुरेश फोन करतो तेव्हा बोलता बोलता विचारतो, "त्याची शुगर काय म्हनती, ताई?" विलास विचारतो, "थोरल्यानं मोटर दुरुस्त केली का?" मी याचं त्याला आणि त्याचं याला सांगते. रस्त्याकडेचं खाचर अजून पडीक आहे. दोघं भिंतीच्या दोन बाजूंना राहतात.